एखाद्या समाजाला देशातून वेगळं का व्हायचंय, हे कसं समजून घ्यायचं

बातमी येते. कुठल्यातरी देशाच्या कोपऱ्यातला कुठलातरी समाज रस्त्यावर उतरलाय, हातात वेगळाच झेंडा, मागणी एकतर स्वातंत्र्याची नाहीतर सीमेपलीकडच्या भाईबंदांच्या देशात सामील होण्याची. आणि दोन मिनिटांत आपण निकाल देऊन मोकळे होतो. एकतर "बाहेरून पैसा येतोय यांना" किंवा मग "बिचारे, शेकडो वर्षं अन्याय सोसतायत". दोन्हीत थोडं थोडं खरं असू शकतं पण त्याने कळत काहीच नाही. खाली जे देतोय ते म्हणजे अशी बातमी हातात आली की क्रमाने काय काय तपासायचं ते. सगळ्याची उत्तरं दर वेळी मिळतीलच असं नाही, पण पहिली तीन-चार जरी मिळाली ना तरी बाकीच्या गदारोळात काय गाळायचं ते आपोआप समजायला लागतं.

आधी बघा, नेमकं मागतायत काय

हे वाटतं सोपं पण इथेच सगळे घसरतात. स्वायत्तता मागणं, स्वतंत्र देश मागणं आणि शेजारच्या देशात विलीन व्हायचं म्हणणं या तीन पूर्ण वेगळ्या गोष्टी आहेत, आणि बातमीत तिन्हीला एकच शब्द वापरतात. दक्षिण टायरॉलचं उदाहरण घ्या. इटलीच्या उत्तरेचा हा भाग, बहुसंख्य लोक जर्मन बोलणारे, पहिल्या महायुद्धानंतर १९१९ च्या तहात ऑस्ट्रियाकडून इटलीला गेला. १९५७ मध्ये तिथे सिगमुंड्सक्रोन किल्ल्यावर हजारो लोकांची प्रचंड सभा झाली आणि घोषणा होती "त्रेंतोपासून सुटका". रोमपासून नाही, त्रेंतोपासून! कारण इटलीने १९४६ मध्ये ऑस्ट्रियाशी करार करून स्वायत्तता कबूल केली, आणि मग दोन वर्षांत हा जिल्हा शेजारच्या इटालियन बहुसंख्य त्रेंतिनोला (राजधानी त्रेंतो) जोडून एकच मोठा प्रदेश केला, म्हणजे स्वायत्तता मिळाली खरी पण ती चालवणार दुसरेच. ज्याला हा तपशील माहीत नाही त्याला ती सभा देश तोडायची वाटणार. त्या गर्दीत ऑस्ट्रियात जायचं म्हणणारेही होतेच, पण नेते मागत होते ते इटलीच्या आतच वेगळा कारभार.

म्हणून एक कागद घ्या आणि मागणीच्या तारखा लिहा. कुठल्या साली काय मागत होते. एकदम शून्यातून स्वातंत्र्य मागणारे फार कमी, बहुतेक ठिकाणी जिन्याच्या पायऱ्या दिसतात, आधी भाषा, मग नोकऱ्या, मग प्रांत, मग देश.

मग सीमारेषा कुणी आणि कधी आखली

नकाशा उघडा आणि त्या भाषेचे, त्या वंशाचे लोक रेषेच्या दोन्ही बाजूला आहेत का बघा. असतील तर रेष कधीची आहे ते शोधा. कुर्दांचं सगळ्यांना माहीत असतं, १९२० च्या सेव्र तहात त्यांच्यासाठी वेगळ्या देशाची शक्यता लिहिली होती, १९२३ च्या लोझानच्या तहात ती गायब झाली आणि आज ते तुर्कस्तान, इराण, इराक, सीरिया अशा चार देशांत विभागलेत. हंगेरीचं बघा, १९२० च्या त्रियानोन तहात जवळपास दोन तृतीयांश भूभाग गेला आणि लाखो हंगेरियन एका रात्रीत रोमानिया, चेकोस्लोव्हाकिया, युगोस्लाव्हियाचे नागरिक झाले. सोमालियाच्या झेंड्यावरचा तारा पाच टोकांचाच का, तर सोमाली लोक पाच भागांत वाटले गेले होते म्हणून, त्यातले फक्त दोन १९६० मध्ये एकत्र आले. तिसऱ्यासाठी, म्हणजे इथिओपियातल्या ओगादेनसाठी, १९७७ मध्ये युद्ध झालं आणि सोमालिया ते हरला.

पण इथे थांबू नका. सीमा आडवी आली म्हणून लोक उठाव करतात हे अर्धंच आहे. स्वित्झर्लंडमधल्या तिचिनो भागात इटालियन बोलतात, सीमेला लागून इटली आहे, तरी तिथे इटलीत जायची चळवळ कधी मूळ धरू शकली नाही. रोमानियातले हंगेरियन आज संसदेत पक्ष चालवतात, अधूनमधून सरकारातही असतात. जगात सीमेने कापलेले समाज शेकडो आहेत आणि त्यातले बहुतेक जण देश तोडा म्हणत नाहीत. तेव्हा खरा प्रश्न असा की याच समाजाने का, आणि याच दशकात का.

काय दिलं होतं आणि कधी काढून घेतलं

माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ इथे घालवायचा. मुळात नव्हतं त्याचा राग येतोच, पण हातात दिलेलं परत काढून घेतलं की जो राग येतो तो वेगळाच, आणि चळवळी बहुतेक त्यावर उभ्या राहतात. अल्बेनियन बहुसंख्य कोसोव्होला १९७४ च्या युगोस्लाव्ह घटनेने भरपूर स्वायत्तता दिली होती, सर्बियाचा नेता मिलोशेविचने १९८९ मध्ये ती काढली, दहा वर्षांत तिथे युद्ध. इरिट्रिया १९५२ मध्ये इथिओपियाशी संघराज्य म्हणून जोडला गेला, स्वतःची संसद, स्वतःचा झेंडा, १९६२ मध्ये सम्राटाने ते गुंडाळून साधा प्रांत करून टाकला आणि मग सुमारे तीस वर्षांची लढाई.

पण सगळ्यात नीट समजतं ते श्रीलंकेत, कारण तिथे एकेक पायरी तारखेनिशी दाखवता येते. १९५६ मध्ये कायदा झाला की सरकारी भाषा फक्त सिंहली. म्हणजे तमिळ कारकुनाला नोकरी टिकवायची तर सिंहली शिकून परीक्षा द्यायची, आणि ब्रिटिश काळापासून उत्तरेकडच्या तमिळ घरांचा मोठा आधार या सरकारी नोकऱ्याच होत्या, त्यामुळे हा प्रश्न भाषेच्या अभिमानाचा कमी आणि पगाराचा जास्त होता. पंतप्रधान बंडारनायके यांनी १९५७ मध्ये तमिळ नेते चेल्वनायकम यांच्याशी करार केला, प्रादेशिक परिषदा, तमिळला प्रशासनात जागा वगैरे. पुढच्याच वर्षी बौद्ध भिक्खूंनी बंडारनायकेंच्या घरासमोर ठाण मांडलं आणि त्यांनी करार मोडला. १९६५ मध्ये दुसरे पंतप्रधान, त्याच चेल्वनायकम यांच्याशी दुसरा करार, तोही बारगळला. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला विद्यापीठ प्रवेशाचे नियम असे बदलले की तमिळ विद्यार्थ्याला मेडिकल-इंजिनियरिंगला जास्त मार्क लागायचे. १९७२ च्या नव्या घटनेत बौद्ध धर्माला अग्रस्थान दिलं आणि जुन्या घटनेतलं अल्पसंख्यांचं संरक्षण देणारं कलम गेलं.

आता १९७६. तमिळ पक्षांनी वड्डुकोड्डै इथे ठराव केला, आता वेगळा देशच हवा. म्हणजे पहिल्या कायद्यानंतर वीस वर्षांनी! तोवर त्यांची मागणी संघराज्याची होती. १९७७ ला ते याच मुद्द्यावर निवडणूक लढले, १८ जागा जिंकून संसदेत मुख्य विरोधी पक्ष झाले. १९८१ मध्ये जाफनाचं ग्रंथालय जाळलं, जवळपास ९७ हजार पुस्तकं आणि जुनी हस्तलिखितं. १९८३ च्या जुलैत कोलंबोत तमिळांची कत्तल आणि त्यानंतर पंधरा दिवसांत सरकारने काय केलं तर घटनादुरुस्ती, की प्रत्येक खासदाराने वेगळ्या देशाला पाठिंबा देणार नाही अशी शपथ घ्यायची. तमिळ खासदार शपथ घेईनात, त्यांच्या जागा गेल्या. म्हणजे संसदेत बोलणारी माणसं बाहेर आणि मैदानात फक्त बंदूकवाले. आणि बंदूकवाल्यांना पण बोलणारी माणसं नकोच होती, जे अमृतलिंगम विरोधी पक्षनेते होते त्यांना १९८९ मध्ये एलटीटीई या तमिळ बंडखोर संघटनेनेच मारलं.

हे एवढं लांब लिहिलं कारण कुठलीही चळवळ तपासताना अशीच यादी करायची. मोडलेले करार कोणते, कुणी मोडले, मोडताना राजधानीत कुणाचा दबाव होता. ज्या चळवळीच्या मागे अशी यादीच निघत नाही तिच्याकडे जरा संशयाने बघायला हरकत नाही.

पलीकडचा देश काय खेळतोय

आता येतो तिसरा भिडू. एका बाजूला अल्पसंख्य समाज, दुसऱ्या बाजूला त्यांचं स्वतःचं सरकार, आणि सीमेपलीकडे भाईबंदांचा देश. लोकांना वाटतं की भाईबंद असले की विलीनीकरण मागणारच. नाही. स्वातंत्र्य मागायचं की विलीनीकरण हे रक्तापेक्षा पलीकडच्या देशाला ते परवडतं का यावर ठरतं. श्रीलंकेतल्या तमिळांपासून समुद्राची एक पट्टी ओलांडली की तमिळनाडू, पण भारतात सामील करा अशी मागणी त्यांनी केली नाही. भारतालाही ते नकोच होतं. स्वतःच्या घरात द्रविडनाडूची, म्हणजे दक्षिणेत वेगळ्या देशाची, मागणी होऊन गेली होती, द्रमुकने ती १९६३ मध्ये सोडली, त्यामुळे तमिळ देश नावाची गोष्ट शेजारी उभी राहणं दिल्लीला परवडणारं नव्हतं. म्हणून १९८७ च्या करारात भारताने प्रांतिक परिषदा मिळवून दिल्या, देश नाही.

नागोर्नो-काराबाखमध्ये मागणी बदलताना स्पष्ट दिसते. अझरबैजानमधला हा अर्मेनियन बहुसंख्य भाग, फेब्रुवारी १९८८ मध्ये तिथल्या सोव्हिएतने, म्हणजे प्रादेशिक परिषदेने, ठराव केला की आम्हाला अर्मेनियात घाला. सरळ विलीनीकरण. मग सोव्हिएत संघ कोसळायला लागला, आणि १९९१ च्या सप्टेंबरमध्ये तेच लोक म्हणायला लागले की आम्ही स्वतंत्र प्रजासत्ताक. मन बदललं होतं का? अजिबात नाही. पण अर्मेनिया आता स्वतंत्र देश होणार होता, त्याने शेजाऱ्याचा भाग गिळला असता तर जगाने त्याला आक्रमक म्हटलं असतं, आणि "ते स्वतःच स्वतंत्र झालेत" म्हटलं की थोडी तरी सोय. गंमत म्हणजे सैन्य, पैसा, पासपोर्ट सगळं पुरवूनही अर्मेनियाने त्या प्रजासत्ताकाला औपचारिक मान्यता कधीच दिली नाही. २०२० मध्ये ४४ दिवसांचं युद्ध, सप्टेंबर २०२३ मध्ये अझरबैजानचा शेवटचा हल्ला, काही दिवसांत एक लाखाहून जास्त अर्मेनियन घरं सोडून गेले आणि १ जानेवारी २०२४ ला ते प्रजासत्ताक कागदावरूनही संपलं. तेव्हा चळवळीचं नाव काय यापेक्षा तिने ते नाव केव्हा बदललं आणि त्या महिन्यात आजूबाजूला काय चाललं होतं ते बघा. कोसोव्होच्या घटनेत तर लिहूनच ठेवलंय की दुसऱ्या कुठल्याही देशाशी विलीन होणार नाही, म्हणजे अल्बेनियाचं नाव न घेता अल्बेनिया बाद, मान्यतेची किंमत होती ती.

उलटा प्रकार पण असतो, आणि तो ओळखता आलाच पाहिजे. पलीकडचा देश भाईबंदांचा नुसता वापर करतो. १९३८ मध्ये चेकोस्लोव्हाकियात जवळपास ३० लाख जर्मन राहत होते. त्यांच्या तक्रारी सगळ्या खोट्या नव्हत्या, मंदीत त्यांच्या भागातले कारखाने बसले होते, सरकारी नोकऱ्यांत चेक लोकांना झुकतं माप होतं. पण त्यांचा नेता हेनलाइन मार्च १९३८ मध्ये हिटलरला भेटला आणि तिथे ठरलं की मागण्या नेहमी अशा ठेवायच्या ज्या प्राग पूर्ण करूच शकणार नाही. सप्टेंबरमध्ये अध्यक्ष बेनेश यांनी वैतागून जवळजवळ सगळं मान्य केलं, तर यांची पंचाईत झाली. मग ऑस्त्रावामधल्या एका किरकोळ पोलिस झटापटीचं निमित्त करून बोलणी तोडली! ही कसोटी फार उपयोगी आहे, सरकारने मागणी मान्य केल्यावर चळवळ शांत होते की मागणी आणखी पुढे सरकते. पुढे सरकली म्हणजे कायम कुणाचा तरी डाव असतोच असं नाही, कधी कधी विश्वासच उरलेला नसतो, म्हणून ही कसोटी वरच्या मोडलेल्या करारांच्या यादीबरोबरच लावायची. यादी लांब असेल तर अविश्वास, यादी आखूड आणि तरी मागणी धावतेय तर पलीकडे बघा.

दुसरी खूण पासपोर्ट. रशियाने २००२ पासून जॉर्जियातून फुटू पाहणाऱ्या अबखाझिया आणि दक्षिण ओसेतियात मोठ्या प्रमाणावर रशियन पासपोर्ट वाटले, आणि २००८ च्या ऑगस्टमध्ये जॉर्जियात सैन्य घातलं ते "आमच्या नागरिकांचं रक्षण" म्हणत. हंगेरीनेही २०१० मध्ये सीमेपलीकडच्या हंगेरियनांना सहज नागरिकत्व द्यायचा कायदा केला, स्लोव्हाकियाने लगेच उलटा कायदा केला की दुसरं नागरिकत्व घ्याल तर आमचं जाईल. पण रणगाडे निघाले नाहीत. म्हणजे पासपोर्ट वाटले की युद्ध होतंच असं नाही, पण नजर ठेवायची खूण नक्की आहे.

कायद्याची भाषा थोडी माहीत असू द्या

फार खोलात नको. एवढंच की संयुक्त राष्ट्रांच्या १९६० च्या ठरावात सगळ्या लोकांना स्वयंनिर्णयाचा हक्क दिलाय आणि त्याच ठरावात पुढे देशाची अखंडता मोडू नका असंही लिहिलंय. तो ठराव वसाहतींसाठी होता. आफ्रिकन देशांनी १९६४ मध्ये कैरोत ठरवलं की वसाहतीच्या वेळच्या सीमा आहेत तशा मानायच्या. युगोस्लाव्हिया फुटला तेव्हा सहा प्रजासत्ताकांना दार उघडलं, कोसोव्हो प्रजासत्ताक नव्हता, प्रांत होता, म्हणून तेव्हा बाहेर राहिला.

याचा उपयोग असा की चळवळीचे नेते जे बोलतात ते का बोलतात ते समजतं. सोमालीलँडवाले कधी म्हणत नाहीत की आम्ही वेगळ्या वंशाचे आहोत, ते सोमालीच आहेत. ते म्हणतात आम्ही ब्रिटिश वसाहत होतो, २६ जून १९६० ला स्वतंत्र झालो आणि पाच दिवसांनी स्वखुशीने सोमालियात गेलो, तर आता परत निघतोय. इरिट्रिया इटलीची वसाहत, पूर्व तिमोर पोर्तुगालची, दोन्ही शेवटी देश झाले. ज्यांच्याकडे अशी जुनी वसाहतीची रेष नाही त्यांची वाट फार अवघड, कुर्दांना विचारा.

पैसा

तेल, तांबं, गॅस हे कारण सगळे पहिलं सांगतात. खरंही असतं, पापुआ न्यू गिनीतल्या बोगनव्हिल बेटावर पांगुना तांब्याच्या खाणीवरूनच आग लागली, इंडोनेशियातल्या आचेमध्ये गॅस होता. पण कॅटलोनिया स्पेनमध्ये श्रीमंत आणि पूर्व पाकिस्तान गरीब, दोघांचीही तक्रार एकच, आमचं नेतात आणि देत नाहीत. त्यामुळे किती पैसा आहे यापेक्षा वाटणी कोण ठरवतं ते विचारा. आचेला २००५ च्या करारात तिथल्या तेल-गॅसच्या उत्पन्नातला ७० टक्के वाटा कबूल झाला आणि बंडखोरांनी हत्यारं टाकली, अर्थात आदल्या वर्षीच्या त्सुनामीनेही दोन्ही बाजू मोडून पडल्या होत्या.

त्यांच्यातले जे अजून थोडे आहेत त्यांना विचारा

हे हमखास राहून जातं. वेगळं व्हायचं म्हणणाऱ्या प्रत्येक भागात कुणीतरी आणखी छोटं असतं. १९९५ मध्ये क्विबेकच्या सार्वमताच्या आठवडाभर आधी तिथल्या क्री आदिवासींनी स्वतःचं मतदान घेतलं, ९६ टक्के म्हणाले आम्हाला कॅनडातच राहायचंय. म्हणजे क्विबेक कॅनडातून निघू शकतं तर आम्ही क्विबेकमधून का नाही, याला उत्तर कुणाकडेच नव्हतं. अबखाझियात १९८९ च्या जनगणनेत अबखाझ जेमतेम १८ टक्के होते, जॉर्जियन त्यांच्या दुपटीहून जास्त, आणि युद्धानंतर त्यातल्या बहुतेक जॉर्जियनांना पळावं लागलं. छोट्यांना काय कबूल करतायत त्यावरून चळवळीचा कस कळतो.

जिथे मिटलं ते पण वाचा

नाहीतर वाटतं की हे सगळीकडे रक्तातच संपतं. दक्षिण टायरॉलमध्ये १९६१ च्या जूनमध्ये एका रात्रीत डझनावारी विजेचे टॉवर उडवले होते. १९७२ ला नवा कायदा आला, सत्ता जिल्ह्याकडे, सरकारी नोकऱ्या भाषेच्या लोकसंख्येच्या प्रमाणात, जर्मन शाळा वेगळ्या, कराचा मोठा वाटा तिथेच. अंमलबजावणीला वीस वर्षं लागली, १९९२ मध्ये ऑस्ट्रियाने संयुक्त राष्ट्रांना कळवलं की वाद संपला. मिझोरममध्ये १९५९ च्या बांबू फुलण्याच्या दुष्काळात सरकारने हात आखडला, त्यातूनच मदतीसाठी निघालेली संघटना पुढे १९६६ चा उठाव करून बसली, ऐझॉलवर हवाई दलाने बॉम्ब टाकले, आणि १९८६ च्या करारानंतर त्याच उठावाचे नेते लालडेंगा मुख्यमंत्री झाले. माझी आवडती युक्ती मोल्दोव्हाची. तिथल्या गागाउझ या छोट्या अल्पसंख्य समाजाला भीती होती की मोल्दोव्हा उद्या रोमानियात विलीन होईल. १९९४ च्या कायद्यात लिहून दिलं की मोल्दोव्हा स्वतंत्र देश राहिला नाही तर गागाउझांना वेगळं व्हायचा हक्क. बाहेर पडायचं दार असं लिहून दिल्यावर गोळीबाराशिवाय प्रश्न निवला, कुरबुरी आजही आहेत तो भाग वेगळा.

सार्वमताचा आकडा सगळ्यात शेवटी

बातमीत तो पहिला असतो, म्हणून मुद्दाम खाली ठेवलाय. इराकी कुर्दिस्तानात सप्टेंबर २०१७ मध्ये ९२ टक्क्यांच्या वर लोकांनी स्वातंत्र्याला होकार दिला, आणि महिनाभराच्या आत बगदादने कुर्दांच्या ताब्यातलं किर्कुक शहर परत घेतलं. कॅटलोनियात त्याच वर्षी १ ऑक्टोबरला ९० टक्के होकार, पण विरोधक बहुतेक घरी बसलेले आणि स्पेनच्या कोर्टाने मतदानच बेकायदा ठरवलेलं, नेते तुरुंगात किंवा परदेशात. दक्षिण सुदानमध्ये २०११ ला जवळपास ९९ टक्के आणि सहा महिन्यांत देश, कारण खार्तूमने, म्हणजे सुदानच्या सरकारने, २००५ च्या करारात या मतदानाला सही दिली होती. स्कॉटलंडला लंडनने परवानगी दिली होती, तिथे २०१४ मध्ये ५५ टक्के नाही म्हणाले आणि तो निकाल दोन्ही बाजूंनी मानला. तेव्हा टक्केवारी बघायच्या आधी तीन गोष्टी बघा, राजधानीने मतदान मान्य केलं होतं का, किती लोक मत द्यायला आले आणि कोण मुद्दाम आलं नाही.